वेसावे : तिथीवर चालणारे गाव

अंधेरी स्थानकाहून पश्चिमेस निघालेला रस्ता सात बंगल्यावरून पुढे गेला, चित्रपटव्यवसायाच्या कचेऱ्या, उंच इमारती आणि उपाहारगृहे मागे पडली, की मालाडच्या खाडीचे मुख जेथे अरबी समुद्रास मिळते तेथे, एका बाजूस दर्या आणि दुसऱ्या बाजूस खाडी अशा चिंचोळ्या भूभागावर, वेसावे हे सोनकोळ्यांचे गाव लागते. महानगरपालिकेच्या दप्तरी ते के-पश्चिम विभागात मोडते. परंतु ज्याला आपले दैवत, आपली जमात, आपले बंदर आणि आपले कालगणित आहे, त्यास उपनगराचा एक मोहल्ला म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

खाडीचे मुख ज्याच्या ताब्यात, आतल्या जलमार्गावर नजर त्याची, या साध्या कारणाने प्रत्येक राजवटीचे लक्ष या ठिकाणाकडे वेधले गेले. 1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख तहान्वये पोर्तुगीजांस दिला, तेव्हा साष्टीबरोबर वेसावेही त्यांच्या अमलाखाली आले, आणि खाडीपलीकडे मढच्या टोकावर त्यांनी टेहळणीसाठी किल्ला उभारला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, 1739 साली, तो मराठ्यांनी जिंकला. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टीवर कब्जा केला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने तो कायम झाला. आज हा किल्ला भारतीय वायुदलाच्या ताब्यात असल्याने परवानगीवाचून आत जाता येत नाही. वेसाव्याहून मढला नेणाऱ्या तरीतून मात्र या परिसराचे लष्करी मोल कोणाच्याही ध्यानात यावे.

गावाची खरी रचना त्याच्या गल्ल्यांत आहे. डोंगरी गल्ली, बाजार गल्ली, मांडवी गल्ली, पाटील गल्ली, बुधा गल्ली, तेरे गल्ली, शिव गल्ली : दोन माणसे जेमतेम एकमेकांस ओलांडून जातील अशा या वाटा आहेत, पण होळीचा थाट असो वा नारळी पौर्णिमेची मिरवणूक, माणूस ओळखला जातो तो गल्लीवरून. गावात हिंगळादेवीचे मंदिर आहे. हिंगळाजमातेचे मूळ पीठ थेट बलुचिस्तानात मकरानच्या किनाऱ्यालगत, तेव्हा एकाच समुद्राच्या दोन काठांवर एकाच देवीस हात जोडले जातात, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते.

वेसाव्याचा दिवस घड्याळावर नव्हे, तिथीवर चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते : अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस सव्वाअकराच्या पुढे. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. आणि डोल हे लांबलचक पिशवीसारखे जाळे प्रवाहाविरुद्ध तोंड करून समुद्रात रोवलेले असल्याने, पाण्यास ओढ असेल तेव्हाच त्यात बोंबील, मांदेली, करंदी, जवळा भरतो. म्हणून उधाणात तांडेल आणि खलाशी रात्र-अपरात्र न पाहता दर्यावर असतात, आणि भांगात जाळी सांधण्यास, होडीची डागडुजी करण्यास आणि लग्नकार्यास उसंत मिळते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांस सरकारी बंदी असते; तथापि ती उठली तरी श्रद्धाळू कोळी नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण केल्यावाचून नव्या हंगामास प्रारंभ करीत नाही.

पावसाळा सरला की किनाऱ्यावर मासळी वाळवण्याच्या बांबूंच्या वलांडी उभ्या राहतात. बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी. पकडल्यावर तो टिकत नाही, म्हणून वाळवणाखेरीज गत्यंतर नाही. बायका दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. बोटांची ही हालचाल इतकी जलद असते की बोलण्यात खंड पडत नाही आणि नजरही दोरीवर नसते. ऊन आणि वारा दोन्ही मिळाले तर दोन-तीन दिवसांत मासळी खडखडीत होते. अवकाळी सर आली तर सारा माल कुजून मातीमोल. जवळा खळ्यावर पसरून वरचेवर उलथावा लागतो. सुक्या मासळीचा मोठा बाजार मरोळला, याच अंधेरीच्या पूर्वेस आहे, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी तेथे होणारी गर्दी पाहण्यासारखी असते. भाव ठरवणे, उधारी सांभाळणे, घरचा हिशेब ठेवणे हे बहुतांशी स्त्रियांच्या हाती. या गावचे अर्थकारण त्यांनी पेलले आहे असे म्हणण्यात यत्किंचितही अतिशयोक्ती नाही.

गावाने बाहेरच्या जगासही पुष्कळ दिले. ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्या कोळीगीतांवर महाराष्ट्रातील लग्नघरे नाचली. 1961 मध्ये मुंबईत स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आज याच परिसरात आहे. कचऱ्याखाली गाडला गेलेला किनारा 2015 पासून अफरोज शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपसावयास घेतला, आणि 2018 च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली.

8 जून 2014 रोजी सुरू झालेल्या मेट्रोने घाटकोपर जवळ आणले. वांद्र्याकडून येणारा सागरी सेतू आणि मढकडे जाणारा नियोजित पूल आणखी अंतरे तोडतील. वाहतुकीची ही गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने बृहन्मुंबईतील कोळीवाडे 1981 च्या विकास आराखड्यावरून अथवा शासकीय अभिलेखांवरून नकाशांकित करावेत असे म्हटले होते, आणि सीमांकनाच्या वेळी मोजणीदार घरे मोजतो, वलांडीची मोकळी जागा त्याच्या लेखी पडीक ठरण्याचा धोका असतो. शेतकऱ्याचे शेत वगळून केवळ त्याचे घर नोंदवणारा तलाठी आपण मान्य करणार नाही. कोळीणीची खळी, होड्या ओढून ठेवण्याची जागा आणि जाळी सुकवण्याचा किनारा यांची मोजणी होऊन त्यांना गावठाणाच्या हद्दीत नाव मिळाले पाहिजे, आणि हे काम पुलाचे खांब उभे राहण्यापूर्वी व्हावयास हवे.