स्पर्धेतून शिकायची एपीएल
(लेखमाला : संगणकाच्या आडवाटेच्या भाषा – भाग ७)

मागच्या भागात एपीएलचा इतिहास पाहिला. केनेथ आयव्हर्सन यांचं १९६२ चं पुस्तक, त्यातली गणिती चिन्हं आणि १९७९ चा ट्युरिंग पुरस्कार. एवढी पुण्याई असूनही ही भाषा शिकणारे मोजकेच. पायथनचे क्लास गल्लोगल्ली सापडतील, एपीएलचा शोधूनही सापडणार नाही. मग नव्या माणसाला या भाषेकडे वळवायचं कसं?

एपीएलची आवृत्ती तयार करणाऱ्या डायलॉग या ब्रिटिश कंपनीने २००९ मध्ये त्यासाठी स्पर्धा सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यात छोटे छोटे प्रश्न असत, बहुतेक एका ओळीत सुटणारे. २०२४ पासून तिची जागा ‘एपीएल चॅलेंज’ने घेतली. ती भाषेचा गंधही नसलेल्यांसाठीच आहे. प्रश्नाला लागणारी चिन्हं प्रश्नाबरोबरच समजावून दिलेली असतात. म्हणजे परीक्षा आणि धडा एकाच पानावर.

अशा प्रश्नाचा एक नमुना घेऊ. चार विद्यार्थ्यांचे गुण दिले आहेत, पास होण्यासाठी ३५ हवेत, तर पास किती? इतर भाषांत रुळलेला माणूस लगेच लूप लिहायला घेतो : एकेक गुण उचला, तपासा, मोजणी वाढवा. एपीएलमध्ये एवढंच :

+/35 62 48 20≥35

एपीएल उजवीकडून डावीकडे चालते. आधी सगळ्या गुणांची ३५ शी एकदम तुलना होते आणि 1 1 1 0 अशी यादी मिळते. पास म्हणजे एक, नापास म्हणजे शून्य. +/ त्यांची बेरीज करतं आणि उत्तर येतं ३. यादी रिकामी असली तरी उत्तर बिनचूक शून्य येतं, वेगळी तजवीज करावी लागत नाही.

नवशिक्याला अडतं ते चिन्हांपाशी नव्हे, लूपच्या सवयीपाशी. सबंध यादीचा एकदम विचार करायची सवय पाठांतराने लागत नाही, प्रश्न सोडवूनच लागते. प्रश्न लहान असला की दहा मिनिटांत निकाल कळतो, चुकलं तरी फार काही बिघडत नाही. बक्षिसाच्या आशेने माणूस येईल, पण टिकेल तो अशा प्रश्नांमुळेच. म्हणून नवख्यांसाठी स्पर्धा घेणाऱ्यांनी पहिला प्रश्न हमखास सुटेल असाच ठेवावा. कस पाहणारे प्रश्न नंतर आहेतच.

आता तुमची पाळी. ‘ट्रायएपीएल’ ब्राउझरमध्ये उघडा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. वरच्याच यादीतल्या फक्त पास झालेल्यांच्या गुणांची बेरीज एका ओळीत काढा. शून्याने गुणलेली संख्या बेरजेतून आपोआप गळते, एवढं लक्षात ठेवा. उत्तर १४५ यायला हवं. ओळ कशी लिहायची, ते पुढच्या आठवड्यात.