टोकाचा उमेदवार आणि साताऱ्याची मतपेटी

निवडणुका जवळ आल्या की आमच्या खंडाळ्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. (आमचा खंडाळा म्हणजे लोणावळ्याशेजारचा नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, सातारा जिल्ह्यातला.) कोणी उमेदवार फार टोकाचे बोलू लागला की चहाच्या टपरीवर एखादा तरी म्हणतो, ‘असला माणूस कधी निवडून येतो होय?’ प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच उत्तर असते. येत नाही, लोक हसतील, टाळ्या वाजवतील आणि मत दुसऱ्यालाच देतील, असा त्याचा अर्थ. गेली काही वर्षे जुन्या निवडणुकांचे आकडे चाळण्याचा मला नाद आहे. त्या नादातून एवढे समजले आहे की, हे उत्तर इतर कुठे खरे असेल, पण सातारकराने तरी ते इतक्या खात्रीने देऊ नये. 1957 साली या जिल्ह्याने लोकसभेवर पाठवलेला माणूस त्या काळच्या कोणत्याही मोजपट्टीने टोकाचाच होता.

‘टोकाचा’ या शब्दाची आधी थोडी झाडाझडती घेऊ. मराठीला हा वाद नवा नाही. जहाल आणि मवाळ हे शब्द आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ रुळलेले आहेत, आणि त्यांतल्या ‘जहाल’ शब्दाला आज आपण आदराने हात जोडतो. पुढे जहालांचे अग्रणी ठरलेले लोकमान्य टिळक 1895 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलवर निवडूनही गेले होते. म्हणजे टोक कुठे आहे हे बरेचदा खुर्चीवर बसलेला ठरवतो, आणि खुर्ची बदलली की टोकही सरकते. पण सगळेच सापेक्ष आहे असे म्हणून सुटका होत नाही. चालू न्यायालय, पोलीस आणि महसूल यांना जो मानत नाही, त्यांच्या जागी स्वतःची व्यवस्था उभी करतो आणि ती चालवायला बळ वापरतो, तो टोकाचा, अशी व्याख्या मी या लेखापुरती धरतो. या व्याख्येत क्रांतिसिंह नाना पाटील पुरेपूर बसतात.

नानांचा जन्म 1900 सालचा, गाव वाळवा तालुक्यातले येडेमच्छिंद्र. तलाठ्याची नोकरी होती, ती 1930 च्या सुमारास सोडली आणि चळवळीत उतरले. 1942 नंतर ते भूमिगत झाले आणि 1943 पासून 1946 पर्यंत तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा सांगली जिल्ह्याचा मोठा भाग होता, हे लक्षात ठेवायला हवे. प्रतिसरकारचा खरा जोर वाळवा, खानापूर, तासगाव या दक्षिणेकडच्या तालुक्यांत होता. खंडाळा त्याच्या उत्तर टोकाला, तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. आमच्या शेजारी वाई भागात मात्र किसन वीर यांची माणसे होती. गावोगावी न्यायदान मंडळे बसली, जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली तुफान सेना उभी राहिली, 1943 मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली, 1944 मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना लुटला गेला. कमी खर्चाची ‘गांधी लग्ने’ लागली, सावकारांना जरब बसली. महात्मा गांधींनी 1944 मध्ये भूमिगतांना उघडे होण्याचा सल्ला दिला, तरी नाना 1946 पर्यंत बाहेर आले नाहीत.

आणि पत्री. ‘पत्री सरकार’ या नावाची गंमत करून सांगण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला ती आवडत नाही. तळपायावर मार बसलेला माणूस कुठे दाद मागणार होता? खबऱ्या कोण आणि निरपराध कोण हे ठरवणाऱ्या मंडळाच्या वर दुसरे मंडळ नव्हते. प्रतिसरकारमुळे दरोडेखोरांचा उपद्रव थांबला, गोरगरिबाला दारात न्याय मिळाला, हे खरे. आणि त्या न्यायाला अपील नव्हते, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या नाहीत तर 1957 च्या निकालाचा अर्थ लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर नानांना मध्यावर येण्याची वाट मोकळी होती. भूमिगत चळवळीतले कितीतरी जण काँग्रेसमध्ये राहिले आणि मोठे झाले. यशवंतराव चव्हाण हे त्यांतले सर्वात ठळक नाव. नाना शेतकरी कामगार पक्षात गेले आणि तिथून पुढे कम्युनिस्ट पक्षात. हा तो पक्ष, ज्याने बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली 1948 मध्ये उठावाची भूमिका घेतली होती आणि ज्याचा तेलंगणातला सशस्त्र लढा ऑक्टोबर 1951 मध्ये कुठे थांबला होता. कागदावर पाहिले तर 1957 मध्ये हा उमेदवार पडायलाच हवा. देवधर्म पाळणारा, जमिनीच्या तुकड्याला जिवापाड जपणारा शेतकरी कम्युनिस्टाला मत का देईल? नलगोंड्याचे उदाहरण मात्र तेव्हाच समोर होते. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत तेलंगणा लढ्यातले रावी नारायण रेड्डी तिथून नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन लोकसभेवर गेले होते.

नाना निवडून का आले, याचे उत्तर मला नानांपेक्षा काँग्रेसमध्ये जास्त सापडते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी गुजरात, विदर्भ, मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र ही मागणी तोवर कोण्या एका पक्षाची राहिली नव्हती. ती मास्तरांची होती, गिरणी कामगारांची होती, वकिलांची होती, गावच्या पाटलाचीही होती. म्हणजे ती मध्यावरची मागणी होती आणि मध्यावर बसलेला पक्ष नेमका तिथून उठून गेला. रिकामी झालेली जागा 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने घेतली. समितीत प्रजासमाजवादी होते, शेकाप होता, कम्युनिस्ट होते, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते, जनसंघ आणि हिंदुमहासभाही होती. एरवी एका ताटात न जेवणारी ही माणसे. या सगळ्यांनी मिळून एका जागी एकच उमेदवार दिला की टोकाच्या उमेदवाराची सर्वात मोठी अडचण आपोआप दूर होते: विरोधी मते फुटत नाहीत.

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आपल्या पद्धतीत निम्म्याहून अधिक मते लागत नाहीत. दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त असले की झाले. चौरंगी लढतीत तीसेक टक्क्यांवरही माणूस निवडून येतो. फ्रान्समध्ये अध्यक्षपदासाठी दोन फेऱ्या असतात. 2002 मध्ये तिथे अतिउजवे ज्यां-मारी ल पेन पहिल्या फेरीत सुमारे 17 टक्के मते घेऊन दुसरे आले आणि सारा देश हादरला. दुसऱ्या फेरीत बाकी सगळे एकवटले. शिराक यांना 82 टक्के मिळाली आणि ल पेन होते तिथेच, 18 टक्क्यांच्या आत राहिले. तिथे टोकाच्या उमेदवाराविरुद्ध सगळे एकत्र आले. साताऱ्यात 1957 मध्ये टोकाच्या उमेदवारामागे सगळे एकत्र आले.

तेव्हाची मतदानाची रीतही आजच्या वाचकाला नवलाची वाटेल. 1957 पर्यंत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदार पडद्याआड जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकी. शिक्का मारण्याची पद्धत त्यानंतर सर्वत्र रूढ झाली. कम्युनिस्ट पक्षाचे चिन्ह विळा आणि कणीस. रशिया कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसालाही त्या दोन्ही वस्तू घरच्याच होत्या.

समितीने दगड उभा केला असता तरी तो निवडून आला असता, असे जुनी माणसे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. त्या निवडणुकीत समितीची लाट एवढी होती की खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमध्ये शेकापच्या उमेदवाराविरुद्ध जेमतेम तरले. पण नानांची गोष्ट निव्वळ लाटेची नव्हती. ज्याच्या घरातले लग्न कर्जाविना पार पडले होते, ज्याच्या बांधाचा तंटा गावातच मिटला होता, त्याला ‘हा माणूस धोकादायक आहे’ हे पटवणे सोपे नव्हते. शिवाय नानांचे बोलणे. पुढाऱ्याची पुस्तकी मराठी ते बोलत नसत. शेतावरच्या, चावडीवरच्या मराठीत बोलत आणि तासन्‌तास लोक बसवून ठेवत. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या शाहिरीने मुंबईत जे केले, ते या भागात नानांच्या भाषणांनी केले.

माझे म्हणणे असे की, साताऱ्याच्या मतदाराने कम्युनिझमला मत दिले नाही. त्याला संयुक्त महाराष्ट्र हवा होता आणि जो कचरणार नाही असा माणूस त्याने त्या कामापुरता उसना घेतला. टोकाचा उमेदवार निवडून येतो तो बहुतेक वेळा असा. त्याचा टोकाचा विचार लोकांना मान्य झालेला नसतो. साध्या, सर्वांच्या मागणीकडे बाकीच्यांनी पाठ फिरवलेली असते, आणि टोकाच्या माणसाजवळ ती मागणी सुरक्षित राहील असे लोकांना वाटते. नाना लोकसभेत गेले आणि तिथे मराठीत बोलले. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू प्रतापगडावर आले, तेव्हा पसरणी घाटाच्या वाटेवर समितीचे हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे होते. निदर्शने शांततेत पार पडली. चौदा वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात रेल्वे लुटली गेली होती, त्या जिल्ह्यातली ही गोष्ट.

याच्या उलट टोकाला जर्मनी आहे. हिटलर निवडून आला असे आपण सहज बोलून जातो, ते अर्धवट आहे. त्याच्या पक्षाला 1928 मध्ये 2.6 टक्के मते होती. जुलै 1932 मध्ये ती 37 टक्क्यांवर गेली आणि नोव्हेंबरमध्ये 33 वर उतरली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो हिंडेनबुर्गकडून हरला होता. 30 जानेवारी 1933 रोजी त्याला चॅन्सेलर केले ते त्याच हिंडेनबुर्गने, आणि याला आपण काबूत ठेवू असे समजणाऱ्या फॉन पापेनसारख्या प्रतिष्ठित मंडळींच्या सल्ल्याने. मते उतरणीला लागलेल्या माणसाला मधल्यांनी हाताला धरून वर घेतले. चहाच्या टपरीवरचा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. टोकाचा माणूस किती मते घेईल एवढेच पाहून भागत नाही; मधली माणसे कुठे गेली आहेत आणि कशासाठी, हेही पाहावे लागते.

आपल्या कायद्याने या प्रश्नाला आणखी एक बाजू दिली आहे. मुंबईत डिसेंबर 1987 मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू यांनी जिंकली. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितली, या कारणावरून 1989 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमानुसार जिंकलेली निवडणूकही हातची जाऊ शकते. पण निकाल लागेस्तोवर आठ वर्षे गेली होती. ज्या विधानसभेसाठी ती निवडणूक झाली, तिची मुदत केव्हाच संपली होती, आणि 1995 मध्ये तर युतीचे सरकार राज्यावर आले होते. मतदाराचे मन न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाही.

साताऱ्यात तसे काही करावे लागले नाही. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, मागणी संपली आणि समितीतली ताटे पुन्हा वेगळी झाली. 1962 च्या विधानसभेत काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. साताऱ्याची लोकसभेची जागाही काँग्रेसकडे परत गेली, आणि ती जिंकली किसन वीर यांनी, येरवड्याच्या तुरुंगातून पळालेल्या, प्रतिसरकारच्याच माणसाने. जिल्ह्याने टोकाला नाकारले असे यावरून कोणी म्हणू नये. टोकाच्या दोन माणसांपैकी जो आता मध्यावर बसला होता, त्याला जिल्ह्याने निवडले.

नाना संपले नव्हते. 1967 मध्ये ते पुन्हा लोकसभेत गेले, या वेळी घरापासून दूर, बीडमधून आणि पुन्हा कम्युनिस्ट म्हणूनच. त्याच निवडणुकीत साताऱ्याने यशवंतराव चव्हाणांना निवडून दिले. एकाच जिल्ह्यात एकाच वेळी पोलिसांना चुकवत फिरलेले हे दोघे मग एकाच सभागृहात बसू लागले: नाना विरोधी बाकावर आणि यशवंतराव देशाचे गृहमंत्री म्हणून.