बटाट्यातला षटकोन

‘घन कापून षटकोन मिळेल का?’ असं आठवीतल्या एका मुलीनं विचारलंय. मिळेल! बटाट्याचा घन करा. कोपरा छाटला की त्रिकोण, सरळ कापला की चौरस. आता एका कोपऱ्यातून थेट सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंत टूथपिक खुपसा. तिच्या मध्यावर, तिला काटकोनात सुरी चालवा (टूथपिक आधी काढून घ्या!). समोर येईल तो नेटका षटकोन, सगळ्या बाजू सारख्या.

सुरी ज्या पृष्ठातून जाते तिथं छेदाची एक बाजू उमटते. पृष्ठं सहाच, म्हणून सप्तकोन अशक्य. पंचकोन मिळतो, पण नियमित नाही. पाच पृष्ठं कापली की त्यात समोरासमोरच्या दोन जोड्या येतातच आणि अशा पृष्ठांवरच्या बाजू समांतर असतात. नियमित पंचकोनात समांतर बाजू कुठून आणणार? कागदावर छेद काढतानाही एवढंच सांभाळायचं: एकाच पृष्ठावरचे बिंदू जोडायचे, हवेतून रेघ ओढायची नाही.

या खेळाची खरी राणी ॲलिशिया बूल स्टॉट (१८६०–१९४०). तर्काचं बीजगणित मांडणाऱ्या जॉर्ज बूल यांची ही मुलगी. आई मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. होय, शिखराला नाव मिळालं तेच. ॲलिशियानं कॉलेज पाहिलं नाही. मेहुण्यानं दिलेल्या लाकडी ठोकळ्यांशी खेळता खेळता तिला चौथी मिती ‘दिसू’ लागली. चौमितीय घन टोकाकडून आपल्या जगात शिरला, तर त्याचे छेद कसे दिसतील? आधी चतुष्फलक, मग टोकं छाटलेला चतुष्फलक आणि बरोबर मध्यावर अष्टफलक. आपल्या बटाट्यातल्या षटकोनाचा हा थोरला भाऊच! याहून कितीतरी गुंतागुंतीच्या चौमितीय आकारांचे छेद तिनं पुठ्ठ्यात उभे केले. डच गणिती स्खाउटे यांनी समीकरणांनी काढलेल्या छेदांशी ते तंतोतंत जुळले. पुढं दोघांनी मिळून काम केलं आणि १९१४ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठानं तिला मानद डॉक्टरेट दिली. तरीही आपल्या पुस्तकांत बूल म्हटलं की फक्त वडीलच भेटतात.

आता ॲपमध्ये बोट फिरवलं की हवा तो छेद हजर होतो. सोय चांगली, पण डोळ्यांपुढे आकार उभा करायची मेहनत ॲप आपल्यासाठी करू शकत नाही. म्हणून बटाटा कापण्याआधी छेद कागदावर काढा, मगच सुरी उचला. चुकलात तर भाजी आहेच.