गोखरूने शिकविलेली युक्ती

शेतातून घरी यावे, तो धोतराला, लुगड्याला गोखरू चिकटलेले. बांधावर वाढते, लांबट काटेरी बोंडाचे, ते गोखरू. काही भागांत त्याला शंकेश्वर म्हणतात. मेंढीच्या लोकरीत तर ते असे गुंतते, की निघता निघत नाही. आपण वैतागतो आणि उपटून फेकून देतो. ते चिकटते कसे, हे कोण पाहत बसतो?

एका माणसाने ते पाहिले. त्याचे नाव जॉर्ज द मेस्ट्राल. तो युरोपातील स्वित्झर्लंड देशाचा इंजिनियर. १९४१ साली तो कुत्र्याला घेऊन डोंगरात शिकारीला गेला. परत आला, तर कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या कपड्यांवर काटेरी बोंडेच बोंडे! ते झाड आपल्या गोखरूचे नव्हे. पण बोंडाची तऱ्हा तीच.

त्याने बोंड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. सूक्ष्मदर्शक म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखविणारे यंत्र. पाहतो तो काय! काट्याचे टोक आकड्यासारखे वळलेले. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो ना, अगदी तसे. हा आकडा केसांत, कापडाच्या धाग्यांत अडकतो. झाडाला पाय नाहीत. म्हणून त्याचे बी जनावराच्या अंगावर बसून दूर जाते आणि तिथे रुजते.

मेस्ट्रालच्या मनात आले, एका पट्टीवर आकडे करावेत, दुसरीवर धाग्याचे फासे. दाबले की जुळतील, ओढले की सुटतील. बोलायला सोपे, पण करायला अवघड! लोक हसले. फ्रान्समधल्या एका विणकराने सुती पट्टी विणून दिली, ती लवकर झिजली. मग नायलॉनचा धागा घेतला. त्याला उष्णता देऊन आकडे केले, ते टिकले. १९५५ साली त्याला पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोधावरचा सरकारमान्य हक्क. बोंड पाहिल्याला तोवर चौदा वर्षे झाली होती.

या पट्टीला वेल्क्रो म्हणतात. मुलांच्या बुटांवर ती असते. दवाखान्यात रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा गुंडाळतात, तो सोडताना चर्र असा आवाज येतो. तीच ही पट्टी. बोटे आखडलेल्या म्हाताऱ्या माणसाला नाडी बांधता येत नाही. पण या पट्टीचा बूट त्याचा तो घालू शकतो.

पुढच्या वेळी गोखरू चिकटले, तर फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. आकडा नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. घरातल्या पोरांनाही दाखवा.