खरखरीचाही उपयोग

रेडिओवर एखादे दूरचे केंद्र लावले की आवाजामागे खरखर ऐकू येते. अशी खरखर प्रत्येक सेन्सरच्या विद्युत-संदेशातही असते. ती पूर्णपणे घालवता येत नाही. मग तिचे करायचे काय?

तिन्हीसांजेला आपोआप लागणारा रस्त्यावरचा दिवा घ्या. प्रकाश एका पातळीखाली गेला की दिवा लागावा, एवढीच योजना केली, तर त्या पातळीच्या आसपास प्रकाश जरा खालीवर होताच दिवा लुकलुकू लागेल. यावरचा उपाय अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या सर्किटला दोन उंबरठे असतात. दिवा लागण्याचा एक, विझण्याचा दुसरा. मधल्या पट्ट्यातल्या खरखरीला सर्किट दाद देत नाही. अशा सर्किटला 'अरेषीय' म्हणतात. आत येणारा संदेश हळूहळू वाढतो, बाहेर जाणारा मात्र एकदम उडी घेतो.

पण संदेश इतका क्षीण असेल, की तो उंबरठ्यापर्यंत पोहोचतच नाही, तर? तर सेन्सर बहिराच! अशा वेळी थोडी खरखर मुद्दाम मिसळतात. संदेशाची लाट वर असताना खरखर तिला वरच्या उंबरठ्यापलीकडे ढकलते, खाली असताना खालच्या. मग सर्किटच्या उड्या संदेशाच्या तालावर पडू लागतात. याला 'स्टोकॅस्टिक रेझोनन्स' असे नाव आहे. हिमयुगांचे साधारण १ लाख वर्षांचे चक्र समजावण्यासाठी इटलीच्या रॉबर्टो बेन्झी व सहकाऱ्यांनी ही कल्पना १९८१ मध्ये मांडली. १९८३ मध्ये ती श्मिट यांच्याच सर्किटवर दाखवून देण्यात आली.

याचा माणसाला उपयोग काय? वय झाले की तळपायाची संवेदना मंदावते, तोल सांभाळणे कठीण होते. २००३ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने वृद्धांच्या तळपायांखाली कंप पावणारे पातळ तळवे ठेवले. कंपन अनियमित आणि जाणवणारही नाही इतके हलके होते. तरीही उभे असताना वृद्धांचे डोलणे कमी झाले.

अर्थात, मात्रा महत्त्वाची. खरखर कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर संदेशच बुडतो. आणि संदेश मुळातच ठळक असेल, तर ती न मिसळलेलीच बरी. जेवणातल्या मिठासारखेच हे आहे.