दलाल कुणाच्या बाजूचा?

२२ ऑगस्ट २०२५ला एस्प्लनेड ते सियालदह मेट्रो सुरू झाली आणि कोलकात्याची दोन मोठी रेल्वे स्टेशनं, हावडा आणि सियालदह, एकाच मार्गावर आली. नोकरीमुळे इथे स्थिरावणाऱ्या मराठी कुटुंबाला हा भाग सोयीचा वाटणारच. पण ना गल्ल्या ओळखीच्या, ना बंगाली कागद वाचता येत. माहीतगार माणूस हवा, हे खरं. तो आपला असेल का, हे आधी तपासायला हवं.

दलाल सहसा दोन्ही बाजूंकडून टक्केवारी घेतो. किंमत वाढली की त्याची दलाली वाढते, व्यवहार फिसकटला की हातात काहीच पडत नाही. त्याने ‘हे घर घेऊ नका’ असं सांगावं, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे. २०१६च्या रेरा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली, पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती. शिवाय घेणाऱ्याचा दलाल आणि विकणाऱ्याचा दलाल असा भेद त्या कायद्यात नाही. अमेरिकेत घेणाऱ्याचा वेगळा एजंट ही जुनी पद्धत. तिथेही ऑगस्ट २०२४पासून घर दाखवण्याआधी त्याच्या मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो.

सियालदह-बऊबाजार पट्ट्यात खरी अडचण जुन्या घरांची. आजोबांनी बांधलेलं घर, वारस चार शहरांत विखुरलेले. बंगालीत त्याला ‘शरिकी बाडी’ म्हणतात. एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४४वं कलम आडवं येतं: अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. कुठे तळमजल्यावर पिढीजात भाडेकरू असतात. कुठे जमीन ‘ठिका’ असते, म्हणजे भाड्याच्या जमिनीवर भाडेकरूने स्वतःचं घर उभारलेलं असतं. १९८१च्या कायद्याने अशी जमीन सरकारजमा झाली, त्यामुळे भिंती एकाच्या आणि जमीन सरकारची.

आणि खालची माती. ३१ ऑगस्ट २०१९ला मेट्रोचा बोगदा खणताना पाणी घुसलं आणि बऊबाजारच्या दुर्गा पिथुरी लेन परिसरातली घरं खचली. माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावं लागलं. २०२२मध्ये तिथे पुन्हा तडे गेले. नुकताच रंग दिलेल्या भिंतीत अशी चीर दलालाला दिसेलच असं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जुनं घर घेताना दलालाआधी वकील आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठावा. दोघांची फी ठरलेली, व्यवहार झाला काय नि न झाला काय. वकिलाने मालकीहक्काचा निदान तीस वर्षांचा सर्च घ्यावा, महापालिकेतलं म्युटेशन कुणाच्या नावावर आहे ते पाहावं, सगळ्या वारसांच्या सह्या मिळतील का याची खात्री करावी. नव्या प्रकल्पात हे ओझं हलकं होतं. पश्चिम बंगाल रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आपला आपण तपासता येतो.

स्वतःचा वेगळा सल्लागार नेमणं मला एकाच परिस्थितीत योग्य वाटतं: तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात बसून कोलकात्यात घर शोधत असाल तर. तेव्हाही मोबदला टक्क्यांत नको, ठरावीक रकमेत हवा. आणि विकणाऱ्याकडून एक पैसाही घेणार नाही, हे त्याने लिहून द्यावं. एवढं लिहून द्यायला जो कचरतो, त्याच्याकडून पत्ते घ्यावेत, सल्ला घेऊ नये. इसाराची रक्कम मात्र वकील आणि इंजिनिअर दोघांचा लेखी अहवाल हातात आल्यावरच द्यावी, मग दलाल ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ असं कितीही सांगो.