वणवा : लेखांक ६
आगीमागे फिरणारी वीस माणसं

वणवा कसा पसरतो ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. चढावर तो धावत सुटतो, वारा फिरला की दिशा बदलतो आणि जळण संपलं की थांबतो. यातली शेवटची गोष्ट तेवढी माणसाच्या हातात आहे. वारा थोपवता येत नाही, डोंगर सपाट करता येत नाही, पण वाळलेलं गवत, पालापाचोळा आणि झुडपं आगीच्या वाटेतून काढता येतात. अमेरिकेच्या पश्चिम भागात हे काम हातांनी करणाऱ्या फिरत्या तुकड्या आहेत. त्यांना ‘हॉटशॉट क्रू’ म्हणतात. आज त्यांच्याविषयी.

टीव्हीवर वणव्याची बातमी लागली की विमानातून पडणारा लाल द्रवाचा पट्टा हमखास दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, आग विझते ती त्यानंच. प्रत्यक्षात तो पट्टा आगीचा वेग कमी करतो, माणसांना थोडा अवधी मिळवून देतो. त्या अवधीत जमिनीवर कुणी पोचलं नाही, तर आग पट्ट्यातूनही वाट काढते. वणवा खरा अडतो तो जाळरेषेवर, म्हणजे जळण काढून उघड्या केलेल्या मातीवर. आपल्याकडे मेळघाटात, ताडोब्यात काम करणाऱ्या वनरक्षकांना जाळरेषा चांगल्या ठाऊक आहेत; उन्हाळा तापण्याआधी त्या साफ करून ठेवाव्या लागतात. हॉटशॉट मात्र ही रेषा खणतात ती आग पेटलेली असताना, तिच्या अगदी कडेनं. पाण्याचा बंब जिथं पोचू शकत नाही अशा कड्याकपारींत.

या तुकड्यांची सुरुवात १९४०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय वनांत झाली. आगीच्या सगळ्यात तापलेल्या भागात त्यांना पाठवत, म्हणून हे नाव. आज अशा शंभराहून अधिक तुकड्या आहेत आणि प्रत्येकीत साधारण वीस माणसं, त्यांत स्त्रियाही. भरतीच्या वेळी सुमारे २० किलोचं ओझं पाठीवर घेऊन पावणेपाच किलोमीटर अंतर न धावता ४५ मिनिटांत चालून दाखवावं लागतं. पण ही चाचणी आगीवर काम करणाऱ्या बहुतेकांनाच द्यावी लागते. हॉटशॉटच्या स्वतःच्या अपेक्षा त्याहून बऱ्याच कडक असतात.

रेषा खणायची रीत बघण्यासारखी आहे. सगळ्यांत पुढे चेनसॉवाला. त्याच्या पाठोपाठ त्याचा जोडीदार, ‘स्वॉम्पर’. एक कापतो, दुसरा कापलेल्या फांद्या उचलून आगीपासून लांबच्या बाजूला फेकतो. करवत इतकी जवळ फिरत असते आणि आवाज इतका असतो, की दोघांचं बोलणं खुणांवर आणि सवयीवर चालतं. त्यांच्या मागे पुलास्कीवाले. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं असलेलं हत्यार. १९१०च्या महाभयंकर वणव्यात आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या एड पुलास्की या वनाधिकाऱ्याचं नाव त्याला मिळालं. पुलास्कीवाले मुळं तोडतात. त्यांच्या मागचे दाताळं आणि फावडं यांचा मेळ असलेल्या मॅक्लाउडनं माती ओढतात. एकानं एकाच जागी सगळं खणायचं नसतं. प्रत्येकानं दोन-चार घाव घालायचे आणि पुढे सरकायचं. विसावा माणूस निघून जाईपर्यंत मागे दोन-तीन फूट रुंदीची उघडी माती राहिलेली असते. तिच्यात गवताचं एक मूळही उरता कामा नये, कारण आग मुळातून धुमसत धुमसत पलीकडे जाऊ शकते.

रेषा झाली की पुष्कळदा रेषेच्या आतलं जळण ते स्वतःच पेटवून देतात. डिझेल आणि पेट्रोलचं मिश्रण भरलेल्या ‘ड्रिप टॉर्च’मधून जळते थेंब पाडत जायचं, म्हणजे मोठी आग येईपर्यंत तिच्यासाठी काही उरत नाही. हे काम धाडसाचं दिसत असलं तरी त्यात खरा कस वाऱ्याच्या अंदाजाचा लागतो.

त्यानंतरचं काम छायाचित्रांत कधीच येत नाही. ज्वाळा गेल्यावर काळ्या पडलेल्या जमिनीवर ओळीनं बसायचं, हातमोजा काढायचा आणि पंजाची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागते का ते बघायचं. ऊब लागली की तिथली माती उकरायची, मिसळायची, पुन्हा हात लावून बघायचं. दिवसचे दिवस. मला विचाराल तर हॉटशॉटची खरी ओळख इथं पटते. ज्वाळेसमोर उभं राहायला ईर्षा पुरते, पण गार होत चाललेल्या राखेत आठवडाभर हात घालायला निष्ठाच लागते.

या तुकड्या आगीच्या मागे फिरतात, त्यामुळे त्यांचं वर्ष हवामानाच्या नकाशावर आखलेलं असतं. मे-जूनमध्ये ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको पेटतात. जुलैत तिथं पाऊस सुरू होतो (त्यालाही तिथले लोक मान्सूनच म्हणतात), तेव्हा काम उत्तरेला आयडाहो, माँटाना, ओरेगनकडे सरकतं. शरद ऋतूत कोरडे वारे सुटले की कॅलिफोर्नियाची पाळी. कुठली तुकडी कुठं जाणार, याची जुळवाजुळव आयडाहोतल्या बॉइझी शहरातल्या राष्ट्रीय केंद्रातून होते. एका खेपेला साधारण चौदा दिवस काम, मग दोन-तीन दिवस सुटी, की पुन्हा रवाना. दिवस सोळा तासांचा असू शकतो. दहा-दहा जण बसतील अशा दोन गाड्या, हेच त्यांचं घर. रात्री जमिनीवर झोपायचं, कधी रेषेच्याच कडेला. पिवळा सदरा आणि हिरवी पँट, सहज न पेटणाऱ्या कापडाची, दिवसेंदिवस तीच अंगावर. शरीर रोज चार ते सहा हजार कॅलरी जाळतं. घरचं लग्न, बारसं, कुणाचं आजारपण, हंगामात आलं तर बहुधा हुकतं.

वीस माणसं अशी एकत्र का ठेवायची? कारण सुरक्षितता याच सवयीतून येते. १९४९ साली माँटानातल्या मान गल्चमध्ये वणव्याशी झुंजताना १३ जण गेले. अशा दुर्घटनांनंतर १९५७ मध्ये आगीवर काम करताना पाळायचे दहा नियम ठरले. १९९१ मध्ये पॉल गलीसन या हॉटशॉट प्रमुखानं ते चार गोष्टींत आणून ठेवले: टेहळणीला माणूस, एकमेकांशी संपर्क, निसटायच्या वाटा आणि सुरक्षित जागा. तरीही १९९४ मध्ये कोलोरॅडोत १४ जण गेले, त्यांतले नऊ एकाच हॉटशॉट तुकडीतले. ३० जून २०१३ला ॲरिझोनातल्या यार्नेल गावाजवळ ग्रॅनाइट माउंटन या तुकडीतले १९ जण गेले. ते जळून गेलेल्या, म्हणजे सुरक्षित भागातून निघून एका दरीत उतरले होते. वादळी ढगातून सुटलेल्या वाऱ्यानं आग त्यांच्यावर वळवली. प्रत्येकाजवळ फायर शेल्टर होतं, पातळ ॲल्युमिनियमचा थर असलेलं, अंगावर ओढून जमिनीला चिकटून राहायचं आवरण. ते आगीची धग परतवतं, पण ज्वाळा थेट भिडल्या तर तग धरत नाही. टेहळणीसाठी वेगळा ठेवलेला विसावा जवान तेवढा वाचला.

या माणसांना त्यांच्या देशानं दिलं काय? कित्येक दशकं सरकारी कागदावर त्यांचं पद ‘फॉरेस्ट्री टेक्निशियन’ असं होतं, आग हा शब्दसुद्धा त्यात नव्हता. हंगामी जवानांना २०१२ पर्यंत सरकारी आरोग्य विमा मिळत नव्हता. मूळ पगार इतका कमी की घर चालायचं ते जादा तासांवर आणि धोक्याच्या भत्त्यावर. म्हणजे आगी कमी लागल्या तर त्यांचं वर्ष वाईट जाणार. ही रचना मला अन्यायाची वाटते. २०२१च्या कायद्यानं पगारात तात्पुरती वाढ झाली आणि ती कायम व्हायला २०२५चा मार्च उजाडला. धुराचं तर आणखी विचित्र. आग विझवण्याचं काम कर्करोगाला कारण ठरतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये दिला. तरी रेषेवरच्या जवानाकडे तोंडाला बांधायला बहुधा साधा रुमाल असे. श्रमाच्या कामात मास्कमुळे उष्माघाताचा धोका वाढतो, हे त्यामागचं कारण सांगितलं जाई. अमेरिकी वनसेवेनं आपलं धोरण बदलून मास्क द्यायचं ठरवलं ते २०२५ मध्ये. तोवर या कामात आयुष्य घालवलेल्या काही पिढ्या निवृत्त झाल्या होत्या.

पुढच्या लेखांकात : मुद्दाम लावलेली आग, आणि ती शतकानुशतकं लावत आलेले कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी.